कचऱ्याच्या डब्यापाशी बसणारे सर

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी समजलंच नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्यालाही आता खूप वर्षं झाली. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात.

मी युनिव्हर्सिटीत झाडू मारते. नोकरी युनिव्हर्सिटीची नाही, ठेकेदाराची. राहते सुरतेतल्या उधन्यात. आमची गल्ली सगळी खान्देशातली आहे. पुरुष कापडाच्या लूमवर जातात, बायका घरी साड्यांना टिकल्या चिकटवतात. मी मुळात कमी बोलते. कामावर तर कोणी हाक मारली तरी मान हलवून भागवते. तिथं मी कोणाशी पुरतं बोलले असेन तर ते सरांशी, आणि तेही त्यांनी विचारलं म्हणून.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे महाराष्ट्रातले, नोकरीला लागून सुरतला आलेले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं तोंड दिसलं नाही. मोठ्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ होऊन गेला होता, मी झाडायला गेले, तर एक माणूस कमरेपर्यंत कचऱ्याच्या पिंपात वाकलेला. मला वाटलं, काही पडलं असेल, अंगठी वगैरे. ते वर आले. केसाला खमणाचा तुकडा चिकटलेला. एक पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, ही किती किलो असेल?"

मी पिशवी हातात घेतली. रोज उचलते, त्यामुळे हाताला कळतं. म्हटलं, "साडेसहा."

त्यांनी खिशातून भंगारवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा काढला, पिशवी अडकवली. "सहा किलो सहाशे," ते म्हणाले. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोठ्या डॉक्टरकडे पाहतात.

त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर आधी मला विचारायचे, मग काट्यावर लावायचे, मग वहीत लिहायचे. ती वही म्हणजे परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद दोऱ्यानं शिवलेले. माझा अंदाज अर्धा किलो चुकला तर त्यांना माझी चूक वाटायची नाही. पिशवीवर संशय यायचा. "आज कोणीतरी दाळ ओतलीय ह्यात," म्हणायचे. उघडून पाहिलं तर खरंच दाळ निघायची.

कॉलेजात जेवणाचा कार्यक्रम असला की बाकीचे प्रोफेसर पाहुण्यांबरोबर पुढे बसायचे. सर एक खुर्ची घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी बसायचे. उष्टं ताट घेऊन कोणी आला की आधी ताटात बघायचे, मग माणसाकडे.

"दोन पुऱ्या तशाच आहेत."

"सर, पेट भराई गयुं."

"पोट पुरी घेताना कुठं होतं?"

मुलं हसायची. त्यांनी त्यांचं नाव डस्टबिनसर ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. एकदा एका नव्या मुलानं ऑफिसात येऊन चक्क "डस्टबिनसर कुठे बसतात" असं विचारलं. सर तिथंच उभे होते. म्हणाले, "डस्टबिनपाशी. चल." आणि त्याला घेऊन गेले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक स्टीलची वाटी आणि चमचा असायचा. चहासुद्धा त्या वाटीतच. त्यांच्या मुलीच्या लग्नातही ते काटा घेऊन गेले होते आणि जेवण आटोपल्यावर उष्टं मोजायला बसले, म्हणून व्याही रुसले, असं शिपायानं मला सांगितलं. त्यात खरं किती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

कार्यक्रमाची मीटिंग असली की ते मला बोलवायचे. माझ्यासाठी खुर्ची ठेवायचे. मी बसायची नाही. पहिल्या दोन मीटिंगांत मी भिंतीला टेकून उभी आणि शेजारी रिकामी खुर्ची. तिसऱ्या वेळी खुर्चीच्या कडेला टेकले.

मुलांची मीटिंग नेहमी सुरुवातीपासून सुरू व्हायची. पाहुणे कोण, गाणारा कोण, स्टेजवर पडदा कोणत्या रंगाचा. सर ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "कार्यक्रम शेवटापासून ठरवायचा. शेवटच्या दिवशी पाच वाजता कचऱ्याच्या टेम्पोत काय काय असेल, ते आधी सांगा."

एक मुलगी म्हणाली, "सर, टेम्पोमां तो कचरो ज होय ने!"

"कोणता?"

मग मुलं मोजू लागायची. पाण्याच्या बाटल्या. छासची, म्हणजे ताकाची, पाऊचं. पुष्पगुच्छ. बॅनर. प्रत्येक वस्तूला सरांचा एकच प्रश्न, "हे जाणार कुठं?" कोणी "बाहेर" म्हटलं की ते खिडकीपाशी जाऊन बाहेर बघायचे आणि विचारायचे, "बाहेर कुठं? मला इथून दिसत नाही." असं करत करत एकेक वस्तू यादीतून जायची. बाटल्यांच्या जागी माठ आले. छास पिंपातून, पेल्यात. बॅनर कापडाचा, आणि त्यावर साल लिहायचं नाही. "साल लिहिलं की ते कापड मेलं," असं ते म्हणत. सजावटीला लूमवर साडीच्या काठाच्या बाजूनं कापून टाकतात त्या रंगीत पट्ट्या. त्या आमच्या उधन्यात पोत्यानं मिळतात. दोन पोती मीच बसमधून नेली होती. हॉल इतका छान दिसला की पाहुण्यांनी विचारलं, हे डेकोरेशन कोणाचं. सर म्हणाले, "फेकलेलं आहे."

सगळंच जमायचं असं नाही. एका वर्षी त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं घरून आपली वाटी आणायची. मुलांनी आणली. प्रमुख पाहुण्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खिचडी वाढायला लागले आणि पाहुणे हात पुढे करून उभे. सगळे इकडे तिकडे बघताहेत. शेवटी सरांनी खिशातली वाटी काढली, सदऱ्याला पुसली आणि पाहुण्यांना दिली. पाहुण्यांनी मुकाट्यानं त्यात खाल्लं. सर त्या दिवशी उपाशी राहिले. वाटी परत मिळाल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "पूर्ण संपवली त्यांनी. चांगला माणूस आहे."

आता मुख्य गोष्ट.

तीन दिवसांचा मोठा कार्यक्रम ठरला. बाहेरच्या कॉलेजांतली मुलं येणार, रोज दुपारचं जेवण तीनशे माणसांचं. कॅटरर म्हणाला, स्टीलची ताटं हवीत तर भाडं वेगळं. वरिष्ठांनी सांगितलं, वेगळे पैसे नाहीत, कागदाच्या डिशा घ्या. सर चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी व्हरांड्यात मी पोछा मारत होते, ते भिंतीकडे तोंड करून उभे. मी कधी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "सर, ताटं आमच्या गल्लीत आहेत."

ते वळले. "किती?"

मी सांगितलं. आमच्यात लग्नात आहेर म्हणून भांडी देतात. त्यावर देणाऱ्याचं नाव घालून देतात. कोणाच्या घरी पन्नास, कोणाच्या घरी साठ भांडी माळ्यावर पोत्यात पडलेली असतात. घर दहा बाय दहाचं आणि माळ्यावर सगळं सोयरंधायरं. वापरतं कोणी नाही, विकतही कोणी नाही.

सरांनी लगेच हिशेब केला. कागदी डिशांचे पैसे मंजूर झालेले होते. तेच पैसे ताटं धुण्यासाठी गल्लीतल्या बायकांना मिळतील. टिकल्या चिकटवून दिवसभरात जे मिळतं त्याच्या तिप्पट. मी घरोघर विचारलं. गल्लीत मी कोणाकडे काही मागितल्याचं कोणाला आठवत नव्हतं, म्हणून असेल, कोणी नाही म्हटलं नाही. शेवटच्या घरातल्या जिजाआजीनं फक्त एक ताट दिलं. तिच्याकडे होतंच एक. ते तिच्या भावानं दिलेलं. आम्ही घरी अहिराणी बोलतो. आजी म्हणाली, "तुन्हा भरोसावर देस हां. तुन्हा मास्तरले मी वळखत नही." म्हणजे माझ्या भरवशावर दिलं.

सगळ्या घरची मिळून तीनशे बारा ताटं झाली. सरांनी प्रत्येक ताटावरचं नाव वहीत उतरवून घेतलं. वाचताना त्यांना फार मजा वाटत होती. "ताई, ह्या एका माणसानं अकरा घरी ताटं दिलीत. कोण हो हा?" मी म्हटलं, "मुकादम होता. त्याला सगळ्या लग्नांत बोलवायचे." सर म्हणाले, "मग आजही जेवायला येणार म्हणा तो."

पहिला दिवस छान गेला. दुसराही. आमच्या गल्लीतल्या नऊ बायका हॉलच्या मागे बसून ताटं धूत होत्या, हसत होत्या, आणि बाहेरगावची मुलं ताटांवरची नावं वाचून एकमेकांना हाका मारत होती. डब्यात जवळजवळ काही पडलं नाही. सर खुर्चीवर बसून होते.

तिसऱ्या दिवशी जेवणं चालू असतानाच स्टेजवरून सरांचं नाव पुकारलं. असा कार्यक्रम केला म्हणून त्यांना शाल देणार होते. सर हलेनात. "शाल जाणार कुठं?" म्हणाले. पण मुलांनी हात धरून ओढलं. जाताना ते मला म्हणाले, "ताई, दहा मिनिटं डब्यापाशी बसाल?"

मी मान हलवली. पण बसले नाही. एवढ्या लोकांसमोर, साडी खोचलेली, खुर्चीवर बसून मी कोणाच्या ताटात बघणार? मी खांबामागे उभी राहिले. आणि मी पाहिलं, एका सुटाबुटातल्या माणसानं खाऊन झाल्यावर ताट उचललं आणि डब्यात टाकून दिलं. सवयीनं. जेवण झालं की डिश डब्यात. त्याला कळलंही नसेल ते स्टीलचं होतं. मी हाक मारणार होते. आवाज निघाला नाही. तो निघून गेला. मग कोणाला दिसेल म्हणून मी तोंड फिरवून उभी राहिले.

सर अर्ध्या तासानं आले, कारण शालीनंतर भाषण होतं. तोपर्यंत ठेकेदाराच्या माणसांनी पिशव्या बांधून टेम्पोत टाकल्या होत्या. त्या दिवशी त्या मी उचलल्या असत्या तर हाताला लगेच कळलं असतं.

पाच वाजता वही घेऊन ताटं मोजली. त्रेचाळीस कमी.

बायकांना आधी वाटलं, मुलांनी हॉस्टेलवर नेली असतील. मग डब्याच्या तळाशी, सांडलेल्या भाताखाली, एक ताट मिळालं आणि सगळ्यांना कळलं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि मी, जिथं शहरातल्या सगळ्या टेम्पोंचा कचरा आणून मोठ्या गाडीत भरतात, तिथं गेलो. सरांनी तिथल्या माणसांना काय सांगितलं माहीत नाही, पण त्यांनी एक कोपरा दाखवला. आम्ही उपसायला लागलो. मी पिशव्या फोडत होते. थोड्या वेळानं वळून पाहिलं तर सर एका पिशवीसमोर उकिडवे बसून लिहिताहेत. एका बाजूला पेल्यांचा ढीग, एका बाजूला फुलांचा, एका बाजूला फरसाणच्या पाकिटांचा. चेहऱ्यावर आनंद.

"ताई, हे बघा, ही कुठल्या तरी लग्नाची पिशवी आहे. तीन भाज्या, एकाही भाजीला कोणी हात लावला नाही. हे शिकवायला पाहिजे मुलांना."

मला कधी राग येत नाही. आला तरी दिसत नाही. त्या दिवशी मी मोठ्यानं म्हणाले, "सर, ताटं शोधा! लोकांची ताटं आहेत ती!"

तिथली माणसं थांबून बघायला लागली. सरांनी वही बंद केली आणि खिशात घातली. त्यानंतर दुपारपर्यंत ते पिशव्या फोडत राहिले. नखांतून रक्त आलं त्यांच्या. सोळा ताटं मिळाली, त्यातली दोन वाकलेली. जिजाआजीचं नव्हतं.

परत येताना बस स्टॉपवर सर म्हणाले, "चूक माझी. मी शालीला जायला नको होतं."

मग मला राहवलं नाही. मी सांगितलं की मी खुर्चीवर बसले नाही, खांबामागे होते, आणि एका माणसाला टाकताना पाहिलं आणि गप्प राहिले.

मला वाटलं, सर आता रागावतील. ते म्हणाले, "म्हणजे खुर्ची चुकीच्या जागी होती. डबा खांबापाशी ठेवायला पाहिजे होता." आणि ते वहीत लिहिलं.

युनिव्हर्सिटीनं पैसे दिले नाहीत. अशा खर्चाला खातं नाही, असं कागदावर आलं. सर म्हणाले, मी देईन. मी अर्धे देते म्हटलं, तर म्हणाले, "ताटं मी मागितली होती." पुढच्या रविवारी ते गल्लीत आले. हातात काटा. गल्लीतल्या बायका दारात उभ्या.

"यी गया वं तुन्हा मास्तर," कोणीतरी म्हणालं. "आते काय तोलाले ऊना? आमले?"

सर म्हणाले, "ताट." मिळालेल्या ताटांपैकी एक त्यांनी काट्याला लावलं. मग पिशवीतून बाजारातलं नवं ताट काढून लावलं. नवं पुष्कळ हलकं भरलं. "नव्या ताटाची किंमत दिली तर तुमचं वजन बुडतं," ते म्हणाले. "जेवढं वजन गेलं तेवढ्याचे पैसे." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भांडायला आल्या होत्या आणि हा माणूस त्यांच्याच बाजूनं भाव वाढवत होता. दोन महिन्यांत, पगार होईल तसे, पंचवीस ताटांचे पैसे त्यांनी देऊन टाकले. बायका माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या.

राहिली जिजाआजी.

"माले पैसा नको," आजी म्हणाली. "मन्हं ताट आन."

सरांनी वजनाचा हिशेब सांगितला. आजीनं ऐकून घेतला, चहा दिला, आणि पैसे तसेच ठेवले. पुढच्या महिन्यात सर पुन्हा आले. पुन्हा चहा, पुन्हा नाही. असं वर्षभर चाललं. ते महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, आजीच्या ओट्यावर बसायचे, खिशातली वाटी काढायचे, आजी त्यात चहा ओतायची. मग सर विचारायचे, "आज?" आजी मान हलवायची.

इकडे कॉलेजात कागदी डिशा परत आल्या होत्या. एक देणं बाकी असताना त्या गल्लीत पुन्हा ताटं मागायला जाणार नाही, असं सरांनी सांगून टाकलं होतं. मुलांनी समजावलं, मोठ्या साहेबांनी समजावलं. ऐकलं नाही. त्यामुळे आमच्या बायकांचं धुण्याचं कामही गेलं. आणि सरांना निवृत्त व्हायला थोडेच महिने राहिले होते. ते गेल्यावर आमच्याकडे ताटं मागायला कोण येणार होतं? मग गल्लीतल्या बायका आजीच्या मागे लागल्या. एक दिवस पाच-सहाजणी तिच्या दारात जमल्या. मीही मागे उभी होते.

"आजी, ले ना पैसे. आमनं काम अडनं तुन्हापायी."

आजी टिकल्या चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमनं काम अडनं म्हनीसन मी मन्हा भाऊ इकू का?"

सगळ्या एकेक करून निघून गेल्या.

त्या महिन्यात सर आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. मला वाटलं, सांगायला पाहिजे. सरांनी त्या दिवशी "आज?" असं विचारलं नाही. वही काढली आणि म्हणाले, "आजी, ताटावर काय लिहिलं होतं ते मी उतरवून घेतलंय. बघा बरोबर आहे का. तोताराम कडून ताईस."

आजीनं हातातली साडी खाली ठेवली. पहिल्यांदा ती सरांशी मोकळेपणानं बोलायला लागली. तोताराम तिचा धाकटा भाऊ. तिच्या आधी सुरतेला आलेला. आजीच्या मुलाच्या लग्नात त्यानं पहिल्या बोनसमधून हे ताट घेतलं. पुढच्याच वर्षी तापानं गेला. दुसरं काही त्याचं तिच्याकडे नव्हतं, फोटोसुद्धा नाही. ताट घ्यायला ती बरोबर गेली होती. "तीस रुप्याचं ताट," आजी म्हणाली. "आनि नाव घालनारा एका अक्षरले चार आने ले. मी सांगं, ताईस नको घालू, तोताराम बस झालं. तो म्हने, नही, दहाच्या दहा अक्षरं घाल."

सर बोटांवर मोजत होते. "म्हणजे साडेबत्तीस रुपये."

"साडेबत्तीस."

मग आजीच म्हणाली, "तुन्हा वजनाचा पैसा माले नको. त्यानी जेवढा घातला तेवढा दे. साडेबत्तीस."

सरांनी खिसे चाचपले. तीसचे सुटे निघाले, तीन रुपये निघाले. तेहेतीस पुढे केले.

"जास्तीना नको," आजी म्हणाली.

"मग बत्तीस घ्या?"

"आठ आना सोडू म्हंजे दोन अक्षरं सोडू. कोनतं सोडू, तूच सांग."

दुसरा कोणी असता तर हसला असता, किंवा चिडला असता. आठ आण्याचं नाणं आता कोणाजवळ असतं? भिकारीसुद्धा घेत नाही. सर मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे." त्यांना ते खरंच बरोबर वाटलं होतं. तेहेतीस रुपये परत खिशात घालून गेले.

पुढचे तीन महिने ते रविवारी आले नाहीत. कॉलेजात मी त्यांना पानवाल्याला विचारताना पाहिलं, बँकेतून रिकाम्या हातानं परत येताना पाहिलं. एका मुलानं घरून जुन्या नाण्यांच्या संग्रहातलं एक आणून दिलं. सरांनी विचारलं, "तुझं की आजोबांचं?" तो म्हणाला, आजोबांचं, त्यांना माहीत नाही. सरांनी परत करायला लावलं. निवृत्तीला दीड महिना राहिला होता. बायकांनी आशा सोडली होती. माझीही सुटली होती.

मग एका मंगळवारी दुपारी, रविवार नसताना, सर गल्लीत आले. घामेघूम झालेले. मी त्या दिवशी तापामुळे घरीच होते. ते सरळ आजीच्या ओट्यावर गेले. मी मागोमाग गेले, दुसऱ्याही दोघी-तिघी आल्या. कॉलेजचं रद्दी-भंगार नेणाऱ्याकडे डब्यात जुनी नाणी पडलेली असतात, वजनावर विकायची. सकाळपासून त्याच्या दुकानात बसून सरांनी डबा उपसला होता. भंगारवाला फुकट देत होता, सरांनी ते आठ आण्याचं नाणं त्याला एक रुपया देऊन विकत घेतलं होतं.

त्यांनी ओट्यावर दहाच्या तीन नोटा ठेवल्या. त्यांवर रुपयाची दोन नाणी. मग बाजूला ते छोटं नाणं.

आजीनं चष्मा लावला. नोटा मोजल्या. रुपये मोजले. आठ आण्याचं नाणं उचललं, पदरानं पुसलं, उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. सर हात जोडून बसावं तसे बसले होते. आजीनं सगळे पैसे पदराच्या टोकात घेतले, गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली.

"आते फिटनं," ती म्हणाली.